तीस सेंटिमीटरच्या पट्टीची सावली

दहावीला भूगोलाचा पेपर शेवटी येतो. चोवीस वर्षं भूगोल शिकवताना मी त्या दुपारची वाट पाहत आलेय. शेवटची घंटा होते, मुलं फाटकाबाहेर पडतात, एकमेकांच्या शर्टांवर पेनाने सह्या करतात आणि त्या गोंधळातून एखादं पोर मागे वळून सांगतं, "बाई, नकाशा पूर्ण बरोबर आलाय!" २०२० साली तो पेपर २३ मार्चला होता. आदल्या रविवारी जनता कर्फ्यू लागला. पेपर आधी पुढे ढकलला गेला, नंतर रद्दच झाला, आणि चाळीस गुण बाकीच्या विषयांच्या सरासरीने दिले गेले. माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. "बाई, ब्राझीलच्या नद्या मी डोळे मिटून काढू शकते. आता त्यांचं काय करू?"

मी तिला काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, तिचा प्रश्न मात्र आठवतो.

आमचं घर ठाण्याजवळच्या कळव्यात, खारेगावच्या बाजूला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. १९१६ सालापासून त्याच्या पोटातून गाड्या धावताहेत. सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा. दर वर्षी नवीन वर्गाला मी तो डोंगर दाखवून सांगते की या गाड्या रोज बेसॉल्ट खडकाच्या आतून जातात. त्या मार्चमध्ये लोकल थांबल्या आणि रात्री इतकं शांत झालं की सासूबाई झोपेतून उठून विचारायच्या, "गाड्या का नाही गं येत?"

१५ जूनला शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं, पण शाळा उघडली नाही. ऑनलाइन शिकवायचं, एवढाच निरोप होता. कसं, ते ज्याचं त्याने शोधायचं.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर मी दोन उंच डबे ठेवले, एकात ज्वारी, एकात तांदूळ. त्यांच्यावर आडवी फळी टाकली आणि फळीच्या कडेला फोन पालथा ठेवला, कॅमेरा खाली. खाली कोरा कागद. त्यावर मी नकाशा काढायचा आणि मुलांनी माझा हात पाहायचा. नकाशा मुलांच्या डोळ्यांसमोर काढला गेला पाहिजे, तयार चित्र दाखवून भागत नाही, हे माझं जुनं मत. किनारपट्टीची रेघ कुठे थांबते, कुठे आत वळते, हे हात हलताना कळतं. ही मांडणी मला जमली याचा मला खरोखर आनंद झाला होता. कणीक मळायची परात त्या तासापुरती खाली जमिनीवर जायची.

भिंतीवरचा नकाशा दाखवायला मात्र समोरचा कॅमेरा लागायचा, आणि तिथे मी पार गोंधळले. मी अरबी समुद्राकडे बोट न्यायचे आणि पडद्यावर माझं बोट उजवीकडे जायचं. पश्चिम उजवीकडे! मला वाटलं, मुलांनाही तसंच दिसत असणार. म्हणून त्यांच्यासाठी मी मनातल्या मनात उलटं करून बोट ठेवू लागले. दोन तास असे गेले. तिसऱ्या दिवशी एका मुलाने माइक सुरू करून अगदी हळू विचारलं, "बाई, तुम्ही कोलकात्यावर बोट ठेवून मुंबई का म्हणताय?" रात्री लेकीने समजावलं. आपलं चित्र आपल्याला आरशातल्यासारखं दिसतं, समोरच्यांना ते सरळच दिसतं. दुसऱ्या दिवशी तासाच्या सुरुवातीला मी मुलांची माफी मागितली आणि ते दोन्ही तास पुन्हा घेतले. आठवीतल्या मुलाच्या डोक्यात पूर्व-पश्चिम डळमळली तर पुढचं सगळं डळमळतं.

माझ्या आठवीच्या वर्गात चोपन्न मुलं. पहिल्या दिवशी सतरा आली.

उरलेल्या सदतीस जणांना मी एकेक करून फोन लावले. कुणाच्या घरी एकच फोन, आणि तो सकाळी बाबांबरोबर कामाला जातो. बाबा सुरक्षा रक्षक, बाबा दूध टाकतात, बाबा परिवहनच्या बसवर वाहक. काही घरांत तीन भावंडं, तिघांचे तास एकाच वेळी. काहींचा रोजचा दीड जीबी डेटा मोठ्या ताईच्या कॉलेजच्या तासात संपलेला. चार नंबर बंदच. आणि तेरा मुलं कळव्यात नव्हतीच. एप्रिल-मेमध्ये मिळेल त्या गाडीने कुटुंबं गावी गेली होती. सावंतवाडी, पाटण, दहिवडी, जव्हार, जालना, एक तर थेट नंदुरबारजवळच्या खेड्यात.

मी तास रात्री साडेआठला नेला. बाबा कामावरून येतात, फोन मोकळा होतो. ज्यांना तेही जमत नव्हतं त्यांच्यासाठी सहा-सहा मिनिटांचे आवाजी निरोप व्हॉट्सअॅपवर टाकू लागले. ते एकदा उतरवून घेतले की कितीही वेळा ऐकता येतात. आणि ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांच्यासाठी शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात दर शनिवारी कागदांचा गठ्ठा ठेवू लागले. त्या दुकानदाराने वर्षभरात ठेवणावळीचा एक पैसा घेतला नाही. कुणी कागद नेला, कुणी नाही, हे मात्र मला कळायचं नाही. सोमवारी गठ्ठा थोडा कमी झालेला असायचा, एवढंच.

या सगळ्यात मला सर्वांत जड गेलं ते वेगळंच होतं. कॅमेरे बंद असायचे. डेटा वाचवायला आम्हीच तसं सांगितलं होतं. वर्गात मी मुलांच्या डोळ्यांवर शिकवते. अक्षवृत्त समजलं नाही की चेहऱ्यावर एक धूसरपणा येतो, तो मला शेवटच्या बाकावरचाही दिसतो, आणि मी तिथल्या तिथे दुसरं उदाहरण घेते. आता माझ्यासमोर नावांच्या आद्याक्षरांचे रंगीत गोल होते. मी विचारायचे, "समजलं का?" आणि कुठूनतरी दोन-तीन आवाज यायचे, "हो बाई." त्या "हो"मध्ये काहीच नसायचं. वर्गातसुद्धा नसायचं कदाचित, पण तिथे माझ्याकडे डोळे होते म्हणून मला "हो"ची गरज पडत नव्हती.

जुलैत एका रात्री, थकून, मी धडा बाजूला ठेवला आणि विचारलं, "तुम्ही आत्ता जिथे बसलाय तिथून सकाळी खिडकीतून किंवा दारातून काय दिसतं?" मुलं गप्प. मी थांबले. हे थांबणंही मला शिकावं लागलं होतं. मुलाने प्रश्न ऐकायचा, धीर करायचा, माइक सुरू करायचा, आवाज आमच्यापर्यंत पोचायचा, यात दहा-बारा सेकंद जातात. पडद्यासमोर ती सेकंदं फार लांब वाटतात आणि आपण घाईने आपलंच उत्तर देऊन टाकतो. त्या रात्री नाही दिलं.

"समोरच्या बिल्डिंगची भिंत आणि पाइप."

"मुंब्र्याचा डोंगर. पावसात त्याच्यावरून पांढऱ्या रेघा पडतात."

"खाडी. पण आत्ता चिखल आहे."

"बाई, आमच्या इथे भात लावणी चालू आहे. मी पण गेले होते." हे पाटणहून.

"आमच्याकडे काही नाही. नुसतं माळ." दहिवडीहून.

मी पेन हातात घेतलं आणि समोरच्या कोऱ्या कागदावर महाराष्ट्राची बाह्यरेषा काढली. मग प्रत्येक मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर ते बसलं होतं त्या जागी लिहीत गेले. कळव्याभोवती दाटी, आणि मग एकेक अक्षर दूर दूर. इतकी वर्षं मी वर्गात बसलेल्या मुलांना नकाशा दाखवत होते. आता माझा वर्गच नकाशावर बसला होता.

त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली. ठरवून बदलली असं म्हणता येणार नाही, पण त्या कागदाकडे पाहून जुन्या पद्धतीने शिकवणं मला शक्यच नव्हतं.

पर्जन्यछायेचा प्रदेश मी दर वर्षी फळ्यावर शिकवते. सह्याद्रीची आडवी चढण, डावीकडून येणारे बाणांचे ढग, उजवीकडे कोरडा उतार. त्या वर्षी मुलांनी सरळ भिंतींच्या प्लास्टिकच्या बरण्या उघड्यावर ठेवल्या आणि रोज सकाळी आठला आत पट्टी बुडवून पाणी मोजलं. बरणीची भिंत तिरकी असेल तर मोजमाप चुकतं, हे त्यांना स्वतःहून कळलं, कारण एकाच चाळीतल्या दोघांचे आकडे जुळेनात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुंबई-ठाण्याला जो पाऊस झाला त्यात कळव्याच्या निम्म्या बरण्या ओसंडून गेल्या. पाटणच्या मुलीची बरणी रोज भरायची. आणि दहिवडीचा मुलगा एका सकाळी म्हणाला, "बाई, बरणीत धूळ आहे." पाटण आणि दहिवडी एकाच सातारा जिल्ह्यातली. वर्गात कुणीतरी लगेच विचारलं, "मग ढग गेले कुठे?" हा प्रश्न मी गेली कित्येक वर्षं स्वतः विचारून स्वतःच उत्तर देत होते.

सातवीच्या वर्गातही असंच झालं. तिथे भरती-ओहोटीचा पाठ आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे जाते, हे मी आवाजी निरोपात समजावलं होतं. रात्री अकराला विटाव्याच्या एका मुलाचा उलट निरोप आला. या मुलाने गेल्या वर्षी अख्ख्या वर्षात माझ्या तासाला एक वाक्य उच्चारलं नव्हतं. निरोपात मागे पाण्याचा आणि माणसांचा आवाज होता. तो सांगत होता की त्याचे आजोबा खाडीत जाळं टाकायला जायचं तर पेपर बघत नाहीत, तिथी बघतात. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तो पुढे म्हणाला की आत खाडीत पाणी जरा उशिरा चढतं, तेवढं आजोबा अंदाजाने धरतात.

मी तो निरोप तीनदा ऐकला. हा हिशोब कोकणात जुना आहे, मीही कधीतरी ऐकला होता, पण वर्गात कधी आणला नव्हता. पाऊणपट म्हणजे दर तिथीला पंचेचाळीस मिनिटं. पुस्तक म्हणतं पन्नासच्या आसपास. आजोबांनी चंद्राच्या गतीला तोंडी हिशोबात बसेल असा अपूर्णांक शोधलेला होता! पंधरा दिवस आम्ही वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा आणि तिथीची पाऊणपट शेजारी शेजारी लिहिली. तासाभराच्या आत जुळत होती. पुढच्या तासाला उधाणाची भरती आणि भांगाची भरती या दोन्ही गोष्टी मी नाही शिकवल्या, त्या मुलाने शिकवल्या. उधाणाला घराच्या मागच्या पायरीपर्यंत पाणी येतं आणि भांगाला होडी चिखलातच बसून राहते, असं त्याने सांगितलं. पुस्तकातले ते दोन शब्द त्याच्या घरात रोज बोलले जात होते, आणि ते माझ्या वर्गात पोचायला वर्ग बंद व्हावा लागला, याचं मला वाईट वाटलं. अजून वाटतं.

१२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. सोमवार होता, मी नववीची उजळणी घेत होते. माझा वायफाय गेला, कळव्याची मुलं एकेक करून पडद्यावरून नाहीशी झाली. मोबाइलच्या डेटावर मी परत आले तेव्हा वर्गात फक्त गावाकडची पाच-सहा मुलं उरली होती. त्यांतली एक म्हणाली, "बाई, आमची तर रोज जाते." बिघाड कळवा आणि पडघ्यादरम्यानच्या वाहिन्यांत झाल्याचं दुपारी बातम्यांत कळलं. आपल्या कळव्याच्या उपकेंद्रावरून कुठे कुठे वीज जाते, हे त्या संध्याकाळी मुलं मलाच विचारत होती.

आता डिसेंबरचं सांगते. हे सांगायला मी लिहायला बसले आहे.

आठवीच्या पुस्तकात पहिलाच पाठ स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळ यांचा आहे. एका रेखांशाला चार मिनिटं. भारताची प्रमाण वेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण त्र्याहत्तरच्या जवळ, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या अडतीस-एकोणचाळीस मिनिटं मागे. मुलं गणित करतात, उत्तर बरोबर येतं, आणि कुणालाही मनातून ते खरं वाटत नाही. मला ते त्यांना दाखवायचं होतं. आणि नावांची अक्षरं लिहिलेला तो कागद पाहता पाहता दुसरीही गोष्ट सुचली.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने दोन शहरांतल्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढला. इजिप्तमधल्या सायीन शहरात उन्हाळ्यातल्या एका दुपारी सूर्य थेट विहिरीच्या तळाशी दिसतो, त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडते. त्या सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा. म्हणजे दोन शहरांतलं अंतर गुणिले पन्नास. ही गोष्ट मी दर वर्षी सांगते. ती करून पाहता येत नाही, कारण त्यासाठी एकाच दिवशी दोन दूरच्या ठिकाणी माणसं लागतात. वर्गातली सगळी मुलं एकाच छपराखाली असतात, त्यांच्या सावल्या सारख्याच.

त्या वर्षी माझी मुलं एका छपराखाली नव्हती.

२१ डिसेंबर २०२०, सोमवार. सर्वांत लहान दिवस. आकाश निरभ्र असतं आणि सावल्या लांब पडतात, मोजायला सोप्या. सूचना साधी होती. तीस सेंटिमीटरची पट्टी सपाट जागी उभी धरायची. ती सरळ आहे का हे पाहायला दोऱ्याला चावी बांधून ओळंबा करायचा. सव्वाबारा ते एक, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची. सगळ्यांत छोटी सावली कितीची आणि किती वाजता, ते लिहायचं. झेरॉक्सच्या दुकानातल्या गठ्ठ्यातही तोच कागद ठेवला.

त्या दुपारी मी आमच्या इमारतीच्या गच्चीत होते, एका हातात पट्टी, दुसऱ्यात फोन. तास सुरू होता. बऱ्याच सोसायट्यांनी गच्च्यांना कुलपं लावली होती, म्हणून मुलं पार्किंगमध्ये, गल्लीत, मैदानाच्या कडेला उभी. मागे भाजीवाल्याची हाक, कुकरची शिट्टी, कुणाच्या तरी आजीचं "मास्क लाव आधी". सव्वाबारा झाले आणि मुलं म्हणाली, "बाई, सावली अजून लहान होतेय." बारा वीस. "अजून लहान होतेय." बारा पस्तीस झाले आणि ती थांबली. बारा पन्नासला वाढली. एक मुलगा ओरडला, "बाई, आत्ता बारा वाजले होते! खरे बारा!"

सावंतवाडीच्या मुलीला सर्वांत छोटी सावली आपल्याआधी दोन-तीन मिनिटं मिळाली. ती आपल्या थोडी पूर्वेला आहे. तेवढंसुद्धा दिसलं.

मग आकडे आले. कळव्यातले काही साडेसत्तावीसच्या आसपास, काही साडेअठ्ठावीस. एकाच गावात एक सेंटिमीटरचा फरक कसा? वीस मिनिटं आम्ही त्यावर डोकं खपवलं. मला कारण सापडत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. शेवटी एका मुलीने लिहिलं, "बाई, पट्टीवर शून्याच्या आधी पण जागा असते." बरोबर! प्लास्टिकच्या पट्टीला दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा सेंटिमीटर मोकळा असतो. ती उभी केली की तीसची नाही, एकतीसची होते. लाकडी पट्टीवाल्यांचे आकडे वेगळे आले ते यामुळे. दुरुस्ती केल्यावर कळव्याचा आकडा साडेसत्तावीस ठरला. सावंतवाडीचा चोवीस पूर्णांक सहा.

नंदुरबारचा आकडा येत नव्हता. त्याच्या खेड्यात नेट गावाबाहेरच्या टेकाडावरच मिळायचं. दीड वाजता त्याचा साधा फोन आला. "बाई, काहीतरी चुकलंय. पट्टी आणि सावली सारखीच आलीय." मी त्याला परत मोजायला लावलं नाही. त्याचं चुकलं नव्हतं. तो कर्कवृत्ताच्या इतका जवळ होता की त्या दिवशी त्याचा सूर्य बरोबर पंचेचाळीस अंशांत उभा होता.

रात्री साडेआठच्या तासाला सगळ्यांनी वहीत त्रिकोण काढले, निम्म्या मापाने. उभी पट्टी, आडवी सावली, टोकं जोडायची, आणि वरच्या टोकाचा कोन कोनमापकाने मोजायचा. कळवा साडेबेचाळीस. सावंतवाडी साडेएकोणचाळीस. फरक तीन अंश, म्हणजे वर्तुळाचा एकशेविसावा भाग. नकाशासंग्रहात एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास किलोमीटर. सरळ उत्तर-दक्षिण अंतर ७.३ सेंटिमीटर, म्हणजे ३६५ किलोमीटर. गुणिले १२०. ४३,८००.

पृथ्वीचा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. मुलांचे चेहरे दिसत नव्हते, पण ती शांतता निराशेची होती हे मला कळलं. आता आवाजांवरून मला बरंच कळू लागलं होतं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "नंदुरबार घेऊन बघू या का?" पंचेचाळीसमधून साडेएकोणचाळीस वजा. साडेपाच अंश. नकाशावर १२.१ सेंटिमीटर, ६०५ किलोमीटर. ६०५ गुणिले ३६०, भागिले साडेपाच.

३९,६००.

सगळे माइक एकदम सुरू झाले. काहीही ऐकू येत नव्हतं. मी ओट्याला धरून उभी होते. लेक बाहेरच्या खोलीतून धावत आली, तिला वाटलं मला बरं वाटत नाहीये.

गोंधळ ओसरल्यावर मी विचारलं, दुसरं उत्तर जास्त बरोबर का आलं? कोन मोजताना अर्ध्या अंशाची चूक होणारच. तीन अंशांत ती चूक फार मोठी पडते, साडेपाचमध्ये लहान. सावंतवाडीची मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, आम्ही दोघं एकमेकांपासून जास्त लांब आहोत म्हणून."

त्या संध्याकाळी गुरू आणि शनी आकाशात अगदी शेजारी आले होते. मुलं आधीच गच्चीवर, अंगणात जाऊन पाहून आली होती.

त्या दोन वर्षांत प्रशिक्षणाची अनेक सत्रं आम्ही बसून ऐकली. त्यांत वारंवार सांगितलं गेलं की पुढचं शिक्षण असंच होणार, शिक्षकांनी काळाबरोबर बदललं पाहिजे. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. चोपन्नपैकी वर्षाअखेर नियमित येणारी मुलं बत्तीस होती. एक मुलगा वडिलांबरोबर भाजीच्या गाडीवर उभा राहू लागला तो परत शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी तीनदा जाऊन आले. ती सावलीची दुपार सांगताना मी त्याला विसरले तर ते खोटं होईल. आणि "ती दोन वर्षं वाया गेली" असं स्टाफरूममध्ये कुणी म्हटलं तर तेही मला सहन होत नाही. मी तिथे होते. एक मुलगा नंदुरबारच्या टेकाडावर चढून मला फोन करत होता.

४ ऑक्टोबर २०२१ला शहरांतल्या आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या. माझी मुलं नववीत आली होती. मुलांचे आवाज फुटले होते, उंची वाढली होती. कित्येकांना मी आवाजावरून ओळखलं, मग चेहरा पाहिला. फळा पुसला होता, तरी त्याच्या कोपऱ्यात मार्च २०२०ची तारीख अंधुक उरली होती.

मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलाशी आली. हिच्या घरचा नंबर बंद असलेल्या चार घरांतला. वर्षभर ती एकाही तासाला आली नव्हती, मला दिसलीही नव्हती. दप्तरातून तिने चार घड्या घातलेला कागद काढला. झेरॉक्सच्या दुकानातला डिसेंबरचा कागद. घड्यांवर तो झिजून मऊ झाला होता. खाली तिने पेन्सिलीने लिहिलं होतं:

"माझी पट्टी कंपासपेटीतली आहे. टोकापासून टोकापर्यंत १६. सावली १४.७. म्हणून १६ ला १४.७ तर ३० ला किती? उत्तर २७.५६."

वेळेच्या रकान्यात आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, "घड्याळ बंद आहे. सावली लहान होत होती तोपर्यंत खुणा करत बसले. मग ती वाढायला लागली."